माशाला किडा देण्याआधी किड्याचा पत्ता विचारा

फायटर किंवा गप्पी मासा काचेजवळ आला की त्याचे तोंड बाजूने निरखून पाहा. खालचा जबडा वरच्यापेक्षा थोडा पुढे आलेला दिसतो आणि तोंड वरच्या अंगाला उघडते. पाण्याच्या पृष्ठभागावरचे अन्न टिपायला असेच तोंड लागते. निसर्गात तिथे काय मिळते? श्वास घ्यायला वर आलेल्या डासांच्या अळ्या, वाऱ्याने पाण्यात पडलेली चिलटे, काठच्या झाडावरून सुटलेल्या मुंग्या, पंख भिजलेले पतंग. कोरीडोरासचे तोंड मात्र खाली वळलेले असते, कारण त्याला तळाच्या गाळातल्या अळ्या हुडकायच्या असतात. किडे हे या माशांचे मूळ अन्न आहे. डब्यातले दाणे आपण फार नंतर आणले.

म्हणूनच टँकमध्ये जिवंत अळी पडली की मासा बदलतो. रोज दाण्याकडे सावकाश येणारा फायटर पर ताणतो, क्षणभर थांबतो, शरीराला किंचित बाक देतो आणि झटक्यात अळी ओढून घेतो. पिल्लांवर येऊ पाहणाऱ्या जोडीला जिवंत खाद्य दिले की ती लवकर तयार होते, हा मासे पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. आजारातून उठलेला, दाण्याला तोंड न लावणारा मासाही हलणारी अळी बघून खायला लागतो.

सोलापुरात किड्यांना तोटा नाही. रोज नळाला पाणी येत नाही म्हणून घरोघरी पिंपे आणि हौद भरलेले, त्यात अळ्या. वर्षाची ज्वारी भरून ठेवलेली, तिच्यात सोंडे. शहराबाहेर पडले की रानात नाकतोडे. जूनच्या पहिल्या पावसाच्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पंखवाल्या वाळवीचा खच. सगळे फुकट आणि हाताशी. त्यामुळे नव्याने मासे पाळणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणता किडा चालतो?’ माझ्या मते त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. किडा आला कुठून? तो कुठे वाढला, काय खाऊन जगला, त्याच्या अंगावर काय उडाले? एकच नाकतोडा एका बांधावरचा असेल तर उत्तम खाद्य ठरतो आणि शेजारच्या बागेतला असेल तर विष ठरतो. बाहेरून दोघांत फरक दिसत नाही.

फवारणीचा किडा

आपला जिल्हा डाळिंबाचा आणि द्राक्षाचा. दोन्ही पिकांवर फवारणी भरपूर होते. मागे सांगोल्याकडून भाचा आला, तेव्हा त्याने माझ्या ऑस्कर माशासाठी प्लॅस्टिकच्या बरणीत नाकतोडे आणि दोनचार हिरव्या अळ्या भरून आणल्या होत्या.

“मामा, हे बघा, तुमच्या ऑस्करला खाऊ आणलाय. बागेत नुसते पडल्यागत होते, पटापट घावले.”

“बागेत औषध कधी मारलं रं?”

“परवा.”

बरणी तशीच बाजूला ठेवली. त्याच्या बोलण्यातला ‘पटापट घावले’ हाच शब्द मोलाचा होता. धडधाकट नाकतोडा सहज हाताला लागत नाही. जो सुस्त पडलाय, उडी मारताना कलंडतोय, उताणा होऊन पाय झाडतोय, त्याच्या मज्जासंस्थेवर बहुधा औषधाचा परिणाम झालेला असतो. म्हणजे हाताने वेचताना आपण नेमके सगळ्यात जास्त औषध अंगात गेलेले किडे आधी गोळा करतो. रानातला किडा पकडायला जेवढा सोपा, तेवढा तो संशयास्पद, हे पक्के लक्षात ठेवा.

या औषधांपैकी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन यांसारखी, माशांसाठी फार घातक आहेत. माणसाच्या यकृतात ही रसायने बऱ्यापैकी वेगाने मोडली जातात. माशाच्या शरीरात ती मोडायचे काम फार संथ चालते, शिवाय पाण्यात उतरलेले औषध कल्ल्यांतून थेट रक्तात जाते. म्हणून लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम एवढी मात्राही अनेक जातींच्या माशांना मारायला पुरते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मेलेला एक किडा छोट्या टँकमध्ये पडून राहिला तरी किती फरक पडू शकतो, याचा अंदाज यावरून यावा.

हीच रसायने घरातही असतात. झुरळांसाठी ओढायचा खडू, कीटकनाशक स्प्रे, डासांच्या काही मॅट आणि लिक्विड यांत पायरेथ्रॉइडच असतात. झुरळांच्या काही जेलमध्ये फिप्रोनिल असते, तेही माशांना विषारी. म्हणून घरातले झुरळ माशाला कधीच देऊ नये. ते तुमच्या घरात औषधाला लागले नसेल, पण रात्री शेजारच्या मोरीतून काय चाटून आले हे कोण सांगणार? गल्लीत धुरळणी झाली असेल तर पुढचे बरेच दिवस अंगणातले किडे वेचू नयेत. आणि मूळ विषयाला थोडी बगल देऊन एक सांगतो, कारण यामुळेही मासे जातात. टँकचा एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. त्या खोलीत स्प्रे मारायची वेळ आलीच तर आधी पंप बंद करून टँक झाकायचा, आणि खोली मोकळी झाल्यावर पंप पुन्हा लावायचा.

ज्वारीतल्या सोंड्यांचे आणि पिठातल्या अळ्यांचेही असेच. धान्याच्या कोठीत आपल्याकडे बोरिक पावडर चोळतात, पाऱ्याच्या गोळ्या ठेवतात, गोदामात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. नुसत्या कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या घरच्या ज्वारीतली अळी निराळी आणि बाजारातून आणलेल्या पोत्यातली निराळी. माहिती नसेल तर देऊ नका. पिठातले लाल तपकिरी भुंगेरे तर स्वतःच तिखट वासाचे रसायन सोडतात, मासे ते तोंडात घेऊन थुंकतात.

जे किडे स्वतःच विषारी असतात

फवारणी नसलेल्या माळरानातही सगळे किडे चालत नाहीत. आपल्याकडे पडीक जागेत, रस्त्याकडेला रुई भरपूर. तिच्यावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा मोठा, देखणा नाकतोडा बसलेला असतो. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि हा नाकतोडा ती आपल्या अंगात साठवून ठेवतो. रुईवरच्या पट्टेरी अळ्यांमध्येही, ज्यांची पुढे केशरी फुलपाखरे होतात, तेच विष असते. भडक रंग ही त्यांची धोक्याची पाटी आहे. बाजरीच्या कणसावर आणि तुरीच्या फुलांवर पावसाळ्यात बसणारे हिंगे माणसाच्या कातडीवर फोड आणतात. त्यांच्यातले कँथरिडिन पोटात गेले तर फार वाईट. काजवे, केसाळ सुरवंट, दुर्गंधी सोडणारे ढेकण्या, गांधीलमाशी, मधमाशी हे सगळे वगळा. मुंग्यांत फॉर्मिक आम्ल असते. निसर्गात मासे मुंग्या खातात हे खरे, पण तोंडात चावा घेणारी मुंगी लहान माशाला इजा करू शकते. मी मुंग्या देत नाही.

पंखवाली वाळवी मात्र चांगली. मऊ, स्निग्ध, बहुतेक माशांना प्रिय. दिव्याखाली परातीत थोडे पाणी ठेवले की त्यात पडते, पंख आपोआप गळतात. अट एवढीच की त्या आवारात वाळवीचे औषध पायात ओतलेले नसावे. नव्या इमारतींत ते सर्रास ओततात. आणि चरबी जास्त असल्याने एखाद्या संध्याकाळी थोडीच द्यावी. तिचा हंगाम तसाही चार दिवसांचाच असतो.

पिंपातल्या अळ्या

हा विषय जरा सावकाश पाहू, कारण इथे माशाच्या आरोग्याइतकाच आपल्या घरच्यांच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

डासाची अळी हे माशांच्या खाद्यातले जवळजवळ आदर्श खाद्य. मऊ कवच, मापात आकार, पाण्यातच जगणारी, त्यामुळे टँकमध्ये पडल्यावर लगेच मरून कुजत नाही. म्हणूनच तर डासांवर उपाय म्हणून पालिकांचे हिवताप विभाग हौदात गप्पी सोडतात. गंबुसिया हा दुसरा अळीभक्षक मासा भारतात १९२८ मध्ये त्याच कामासाठी आणला गेला.

पण अळीचाही पत्ता विचारावा लागतो. गटारातली, नाल्यातली अळी नको. त्या पाण्यात सांडपाण्याचे जंतू असतात, आणि कारखान्याचे किंवा रंगाईचे पाणी जिथे मिसळते तिथे धातूही असतात. ज्या तळ्यात, ओढ्यात मासे आहेत तिथले जिवंत खाद्यही नको. माशांचे परजीवी माशांच्या पाण्यातच फिरतात. आर्ग्युलस नावाची माशाची ऊ, शरीरात रुतून बसणारा अँकर वर्म, आणि शेपटीजवळच्या छिद्रातून लाल दोऱ्यासारखा बाहेर डोकावणारा कॅमॅलॅनस जंत. हा शेवटचा तर पाण्यातल्या कोपेपॉड या सूक्ष्म जीवाच्या पोटातून माशात शिरतो, म्हणजे अळीबरोबर आलेल्या चमचाभर पाण्यातूनही येऊ शकतो. तेव्हा सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव किंवा हिप्परग्याचा तलाव इथून जाळीने काही आणू नका. मासे नसलेल्या, स्वच्छ, उघड्या बादलीतली अळी सगळ्यात निर्धोक.

ती पकडायची रीतही सोपी आहे. अळ्या शेपटीकडची नळी पृष्ठभागाला लावून उलट्या लोंबकळतात. आपली सावली पडली की सगळ्या एकदम वळवळत तळाला जातात. म्हणून उजेडाकडे तोंड करून, सावली मागे पडेल असे उभे राहायचे, चहाची गाळणी तिरकी धरून पृष्ठभागालगत एकाच हाताने झरकन फिरवायची. गाळणीतल्या अळ्या स्वच्छ पाण्याच्या वाडग्यात सोडायच्या, पाच-दहा मिनिटे थांबायचे, पुन्हा गाळायच्या. असे दोन-तीनदा. या वाडग्यात मिनिटभर बघत बसा. ज्या अळ्या उसळतात त्या घ्यायच्या. चतुराची अळी सापडली तर काढून टाका. लांबट, सहा पायांची, मोठ्या डोळ्यांची ही अळी गप्पीची पिल्ले खाते. पाण्यात पोहणारे भुंगेरेही बाहेर. अळ्या सगळ्याच निपचित तळाला असतील तर त्या पाण्यात कुणीतरी टेमेफॉससारखे अळीनाशक टाकले असण्याची शक्यता धरा आणि ओतून द्या.

स्वल्पविरामासारखा वाकलेला, पाण्यात गटांगळ्या खाणारा जो असतो तो डासाचा कोष. तो खात नाही, एक-दोन दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. माशांनी कोष खाल्ले नाहीत तर ते डास तुमच्या खोलीत येणार. म्हणून जेवढे दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढेच टाकायचे आणि उरलेले जाळीने काढायचे.

आता महत्त्वाचे. माशांसाठी म्हणून बादलीत अळ्या ‘पैदा करू’ नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्या उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. पाणी ओतून भांडे वाळवले तरी ती कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळताना पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, कडा घासणीने खसखसून घासाव्या लागतात. तुमच्या फायटरच्या खाऊसाठी शेजारच्या लेकराला डेंग्यू व्हावा, इतकी कुठलीही हौस मोठी नाही. बागेतल्या कुंडीखालच्या ताटलीत, फुटक्या माठात चुकून झालेल्या अळ्या सापडल्या तर त्या माशांना द्या, भांडे घासून पालथे घाला, विषय संपला.

घरी वाढवलेला किडा

ज्याचा पत्ता पूर्ण माहीत असतो असा किडा म्हणजे आपण स्वतः वाढवलेला. त्यात सगळ्यात सोपी केळ्यावरची चिलटे. पिकलेल्या केळ्याचा गर, सालीशिवाय, काचेच्या बरणीत ठेवायचा. सालीवर औषध असू शकते म्हणून गरच घ्यायचा. तोंडाला कागदाचे नरसाळे लावले की चिलटे आत जातात, बाहेर येत नाहीत. मग फडक्याने तोंड बांधायचे. आठ-दहा दिवसांत नवी पिढी दिसू लागते. द्यायच्या वेळी बरणी काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की चिलटे गारठून सुस्तावतात, मग पाण्यावर झटकता येतात. गप्पी, टेट्रा, फायटर यांच्या मापाला हे खाद्य अगदी योग्य.

दुसरा मीलवर्म, एका भुंगेऱ्याची अळी. मोठ्या शहरांतल्या पक्षी-मासेवाल्यांकडे मिळतो, सोलापुरातही हौशी लोकांकडून मूठभर मिळून जातो. पसरट प्लॅस्टिकच्या डब्यात गिरणीतून आणलेला गव्हाचा कोंडा, वर गाजराची चकती. बस्स. ओलावा फक्त गाजरातून द्यायचा. पाणी शिंपडले की कोंड्याला बुरशी आणि बारीक माइट्स धरतात. अळीचा कोष, कोषाचा काळा भुंगेरा, भुंगेऱ्याची अंडी असे चक्र काही महिन्यांचे. पंचवीस ते अठ्ठावीस अंश त्याला मानवते, म्हणून आपल्या एप्रिल-मेमध्ये डबा पत्र्याखाली किंवा गच्चीच्या खोलीत ठेवला तर उष्म्याने सगळी वसाहत मरते. माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावा.

मीलवर्म लोकप्रिय आहे, पण रोजचे खाद्य नाही. ताज्या अळीत सुमारे ६० टक्के पाणी, १९-२० टक्के प्रथिने आणि १३ टक्क्यांच्या आसपास चरबी असते. रातकिड्यात प्रथिने जवळपास तेवढीच, चरबी निम्मी. म्हणून ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना यांना मीलवर्मपेक्षा घरी वाढवलेला रातकिडा बरा. देण्याआधी त्याचे मागचे काटेरी पाय काढावेत, घशात-पोटात ओरखडे बसत नाहीत. सुपरवर्म नावाची मोठी अळी आणखी चरबीदार, ती क्वचितच. कात टाकून पांढऱ्या झालेल्या मऊ अळ्या आधी वेचाव्यात.

किड्याचे कवच कायटिनचे असते. थोडे कायटिन चोथ्यासारखे उपयोगी, जास्त झाले की अडते. गोल्डफिश आणि कोई यांना तर वेगळे जठरच नसते, अन्न सरळ आतड्यात जाते. त्यांना टणक किडा मोठ्या प्रमाणात देणे म्हणजे बद्धकोष्ठ ओढवून घेणे. पोट फुगलेले, मागे पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबणारी, मासा एका कडेला कलणारा, ही चिन्हे दिसली तर दोन-तीन दिवस उपास घालावा. मोली, प्लेको यांचे मुख्य अन्न शेवाळ आणि वनस्पती. मलावी सरोवरातले म्बुना नावाचे रंगीत सिक्लिडही खडकावरचे शेवाळ खरवडणारे. त्यांना किड्यांची चैन नको.

आता डब्याची गोष्ट. किडा हा माशासाठी डबा असतो, आत जे भरले ते मासा खातो. दुकानातून आलेली उपाशी अळी म्हणजे कवच आणि चरबी. तीच अळी माशाला देण्याआधी २४ ते ४८ तास गाजर, लाल भोपळा, कोथिंबीर, कोंडा यांवर ठेवली की तिच्या पोटातले जीवनसत्त्वही माशाला मिळते. भाज्या नीट धुवून घ्या, नाहीतर बाजारातल्या फवारणीचा मार्ग आपणच उघडतो. सरडे-कासवे पाळणारे लोक किड्यांवर कॅल्शियमची पूड लावतात. माशांना तिची तितकी गरज नाही, कारण मासे कॅल्शियम पाण्यातून कल्ल्यांवाटे घेतात, आणि आपल्या बोअरच्या जड पाण्यात ते पुरेसे असते. रानातल्या किड्यांत माशांना लागणारी काही ओमेगा-३ आम्ले कमी असतात. म्हणून चांगल्या प्रतीचे दाणे हे रोजचे जेवण राहू द्या, किडे आठवड्यातून दोन-तीनदा.

किड्यांना काय खायला घातले याला जगभर महत्त्व दिले जाते. युरोपीय संघाने १ जुलै २०१७ पासून मत्स्यशेतीच्या खाद्यात ब्लॅक सोल्जर फ्लाय ही माशी, मीलवर्म, रातकिडे धरून सात जातींची प्रथिने वापरायला परवानगी दिली. पण त्यांना शेण, हॉटेलचे उष्टे अशा गोष्टींवर वाढवायला मनाई कायम ठेवली. शिवाय धातूंचाही प्रश्न असतो. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळीत कॅडमियम साठते, मीलवर्ममध्ये आर्सेनिक. किडा कचऱ्याचे प्रथिन करतो, पण कचऱ्यातला धातू नाहीसा करत नाही. उकिरड्यातल्या अळ्या माशांना द्यायला निघालेल्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पाकिटातले, गोठवलेले, आणि उन्हाळा

ज्यांना हे सगळे जमत नाही त्यांनी गोठवलेले किंवा वाळवलेले ब्लडवर्म घ्यावेत. ही डासासारख्या, पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माशीची अळी. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. गढूळ, कमी ऑक्सिजनच्या चिखलात ती जगते, म्हणून जिवंत सुट्या ब्लडवर्मपेक्षा चांगल्या कंपनीचे गोठवलेले पाकीट निवडावे. ट्युबीफेक्स हा किडा नसून गांडुळाचा पाण्यातला भाऊबंद, पण दुकानात शेजारीच ठेवलेला असतो. तो सांडपाण्यात वाढतो. मी घेत नाही, दुसऱ्याला सुचवतही नाही. वाळवलेले खाद्य वाडग्यात पाच-दहा मिनिटे भिजवून द्या. कोरडे गिळले की पोटात जाऊन फुगते. पाकीट उन्हाळ्यात बाहेर राहिले तर त्यातले तेल खवट होते. वास घेऊन बघा, खवट आला तर टाकून द्या.

गोठवल्याने बरेच परजीवी मरतात, सगळे जंतू मरत नाहीत. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा अनेकदा उणे १८ अंशांपर्यंत जात नाही, म्हणून घाण पाण्यातला किडा गोठवून शुद्ध होईल ही समजूत धरू नका.

ब्लडवर्म हाताळताना काही लोकांच्या हाताला खाज येते, डोळे चुरचुरतात, नाक वाहते, दम्याच्या माणसाला धाप लागू शकते. त्या हिमोग्लोबिनची ॲलर्जी असते. हातमोजे किंवा चिमटा वापरा, वाळवलेली भुकटी तोंडाजवळ उडवू नका, लहान मुलांना हाताने द्यायला लावू नका.

आणि आपला उन्हाळा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये टँक त्याहून वर जातो. प्रथिने पचवायला माशाला जास्त ऑक्सिजन लागतो, आणि नेमका तेव्हाच तो कमी असतो. उरलेल्या किड्यांचा अमोनियाही याच दिवसांत जास्त चावतो. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७ असलेल्या, २५ अंशांच्या पाण्यात एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो, आणि पाणी ३२ अंशांना पोचले की ८ टक्क्यांच्या पुढे. बोअरचे पाणी बहुधा अल्कधर्मीच असते. म्हणून भर उन्हाळ्यात किडे सकाळी लवकर, नेहमीच्या निम्मे, आणि एअर पंप चालू असतानाच द्यावेत. वीज जायची शक्यता असेल त्या दिवशी देऊच नयेत.

काळजी घेऊनही कधी विषबाधा झालीच, तर मासे वेड्यासारखे इकडून तिकडे धावतात, उसळून काचेवर आपटतात, तोल जाऊन गोल गोल फिरतात, थरथरतात, मग वर येऊन धापा टाकतात. एकदोन तासांत हे सगळ्या माशांत दिसले तर रोगापेक्षा विषाचा संशय आधी घ्या. उरलेले किडे जाळीने काढा. निम्मे पाणी बदला, फिल्टरमध्ये नवा ॲक्टिव्हेटेड कोळसा घाला, हवा वाढवा, काही तासांनी पुन्हा थोडे पाणी बदला. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात यासाठी टँकच्या निम्म्या मापाचे, आदल्या दिवशी भरून क्लोरीन उडालेले, जाळीने घट्ट झाकलेले पाणी कायम बाजूला ठेवलेले असावे. नवे पाणी टँकइतक्याच तापमानाचे आहे ना, हात घालून बघा. मासे सावरेपर्यंत, निदान दोन दिवस, त्यांना काहीही खायला घालू नका.